२८ इंजेक्शनं आणि एक तारीख : कॅन्सर सर्जन आणि डिस्चार्ज कार्ड लिहिणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
ठाणे-कळव्यापासून वाशी-खारघरपर्यंत ओव्हरीच्या कॅन्सरची ऑपरेशनं करणारे सर्जन, त्यांच्यासाठी डिस्चार्ज कार्ड लिहिणारे निवासी डॉक्टर आणि सरकारी योजनेच्या टेबलामागे बसणारे आरोग्यमित्र यांस,

स.न.वि.वि.

कळव्यात खारेगावच्या बाजूला माझं मेडिकल आहे. एकोणीस वर्षं झाली. तुमचं अक्षर वाचण्यावर माझं घर चालतं, त्यामुळे अक्षराबद्दल तक्रार करायचा मला हक्कच नाही. कार्डावर जे लिहायचं राहून जातं, त्याबद्दल मात्र बोलायचं आहे : ऑपरेशननंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं इंजेक्शन नेमकं कधीपर्यंत घ्यायचं, त्याबद्दल.

मागच्या पंधरवड्यात दिघ्याचे एक गृहस्थ दुकानात आले. साडीच्या दुकानाच्या पिशवीत फाइल, घामाने चिकटलेला शर्ट. बायकोचं ऑपरेशन होऊन नवव्या दिवशी घरी सोडलेलं. कार्डाच्या तळाशी, व्हिटॅमिनच्या गोळीखाली, एक ओळ होती : इंज. एनोक्झापॅरिन ४०, रोज एक. किती दिवस, ते नाही. किती देऊ म्हणून विचारलं तर म्हणाले, “पाच द्या. मग बघू.” इंजेक्शन कशाचं आहे, काही सांगितलंय का? “ताकदीचं असणार.”

मी हॉस्पिटलला फोन लावला. चाळीस मिनिटं आणि चार एक्स्टेन्शनं फिरल्यावर एक तरुण डॉक्टर मिळाले. किती दिवस द्यायचं विचारलं, तर ते जरा त्रासूनच म्हणाले, “ऑपरेशनपासून २८ दिवस, ऑब्व्हियसली.”

म्हणजे तुम्हाला माहीत असतं. माहीत नसतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं, एखादं पुस्तक पाठवलं असतं. ते ‘ऑब्व्हियसली’ डोक्यातून कार्डावर उतरत नाही, एवढंच होतं. आणि त्याची किंमत मी घरात मोजलेली आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या सख्ख्या ताईला ओव्हरीचा कॅन्सर निघाला. ती ऐरोलीला राहायची. तीन-चार महिने पोट फुगायचं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं व्हायचं. तिला पातळ अँटासिडच्या दोन बाटल्या मीच दुकानातून नेऊन दिल्या होत्या. तो एक वेगळाच सल आहे, तो इथे नको. सोनोग्राफी झाली, रक्तात सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये वाढणारी खूण) वाढलेलं आलं, पोटात पाणी होतं. ऑपरेशनमध्ये गर्भपिशवी, दोन्ही ओव्हरी आणि आतड्यांवरची चरबीची चादर काढली. तिसरी स्टेज. ऑपरेशन चांगलं झालं होतं, सर्जन हुशार होते, आजही मी त्यांचं नाव आदरानेच घेते, फक्त इथे नाही.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी ताई घरी आली. ऑपरेशनचा आठवा दिवस. कार्डावर तेच इंजेक्शन, पुढे ‘× ७’. मीच सात पेट्या पिशवीत घातल्या आणि रिक्षाने निघाले. विटाव्याच्या पुलाखाली गुडघाभर पाणी, रिक्षावाला परत फिरायच्या बेतात. त्याला वीस रुपये जास्त कबूल केले. भाचीला टोचायला शिकवलं : बेंबीपासून चार बोटं सोडून, टाक्यांपासून लांब, कातडीची चिमटीत घडी धरायची, सुई सरळ उभी घालायची, आतला हवेचा बुडबुडा बाहेर काढायचा नाही, टोचल्यावर चोळायचं नाही. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. सात दिवसांत ताईच्या पोटावर जांभळ्या करवंदांसारखे डाग उठले. पंधराव्या दिवशी शेवटची सिरिंज टाकून देताना भाची म्हणाली, “सुटलो बाई!” मलाही तसंच वाटलं.

मी बी.फार्म. आहे. पोटाच्या कॅन्सर ऑपरेशननंतर चार आठवडे द्यायचं असतं, हे माझ्या वाचण्यात आलं होतं. तरी विचारलं नाही. आमच्या धंद्यात सवय लागते, कागदावर असेल ते द्यायचं, डॉक्टरांच्या आकड्याला हात लावायचा नाही. सात लिहिलेत, म्हणजे सात.

एकविसाव्या दिवशी ताईचा फोन आला. “अगं, डावा पाय जड झालाय. काल शेजारच्या काकूंनी तिळाचं तेल लावून चांगला रगडून दिला, तरी उतरत नाही.” मी दुकान तसंच नोकरावर सोडलं. जाताना शिलाईची टेप घेतली. गुडघ्याखालचं हाड सोडून दहा सेंटिमीटरवर पोटरी मोजली. उजवी ३४, डावी ३८.५. तीन सेंटिमीटरच्या वर फरक, अंगात कॅन्सर, बारा आठवड्यांच्या आत झालेलं मोठं ऑपरेशन. डॉक्टर, पुढचं तुम्हाला सांगायला नको. डॉपलरमध्ये, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीत, पोटरीपासून मांडीपर्यंत शीर गुठळीने बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी संडासला जाऊन येईपर्यंत तिला धाप लागली, ओठ काळवंडले. सीटी केला तर गुठळीचा तुकडा फुप्फुसात जाऊन बसला होता.

आता इथे आपल्या भाषेची एक अडचण सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण घाईत इथेच फसतात. वॉर्डात कुणीतरी भाऊजींना म्हणालं, “पायात गाठ झालीय.” मराठीत ट्यूमरही गाठ आणि रक्ताची गुठळीही बोलता बोलता गाठच. भाऊजींनी ऐकलं ते असं, की कॅन्सर पायात उतरला. ते कॉरिडॉरमधल्या बाकावर खाली मान घालून बसले ते उठेचनात. अर्ध्या तासाने मी पोचल्यावर उलगडा झाला. म्हणून हात जोडून सांगते, गुठळी म्हणा. हा शब्द सगळ्यांना कळतो, दुधातली गुठळी प्रत्येकाने पाहिलेली असते.

‘रक्त पातळ करायचं औषध’ या शब्दांचंही तेच. आमच्याकडे बाई ऑपरेशन होऊन आली की घरचे तिला बीट, खजूर, डाळिंब देत असतात, कारण ‘अंगात रक्त कमी आहे’. त्यांना तुम्ही रक्त पातळ करायचं इंजेक्शन देता. काउंटरवर मी रोज ऐकते : “आधीच रक्त नाही अंगात, त्यात पातळ कशाला करायचं?” आणि इंजेक्शन आपोआप बंद होतं. ‘रक्त गोठू नये म्हणून’ असं सांगितलं तर हा घोळ होत नाही.

त्याच दिवशी दुसरीही एक गोष्ट घडली. एका ज्युनिअर डॉक्टरने, वाईट हेतू नसेल त्याचा, भाऊजींना उभ्या उभ्या सांगितलं की ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये गुठळी झाली की पुढचं चित्र चांगलं नसतं. एवढं सांगून तो पुढच्या बेडकडे गेला. त्या रात्री भाऊजी मला म्हणाले, “मग केमो तरी कशाला? तिला घरी नेऊ.”

त्या वाक्यात खोटं काही नव्हतं, हेच अवघड आहे. नंतरच्या वर्षांत मी जमेल तेवढं वाचलं. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये गुठळ्या इतर बऱ्याच कॅन्सरपेक्षा जास्त होतात. अभ्यासागणिक आकडा बदलतो, पण ढोबळमानाने दहातल्या एकीला होते असं धरता येतं, आणि क्लिअर सेल नावाच्या प्रकारात प्रमाण आणखी वर जातं. ज्यांना गुठळी होते, त्या बायका सरासरीने कमी जगतात, हेही पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. पण ‘का’ याची उत्तरं एकापेक्षा जास्त आहेत, आणि बाकावर बसलेल्या माणसाला नेमकी तीच कुणी सांगत नाही.

काही वेळा गुठळी ही आजाराच्या जोराची खूण असते. कॅन्सरच्या पेशीच रक्त गोठवणारे पदार्थ सोडतात. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ६१९ ओव्हरीच्या रुग्णांचा अभ्यास आला होता. त्यातल्या ३१ टक्के बायकांचे प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, निदानाच्या वेळीच साडेचार लाखांच्या वर होते, आणि त्या कमी जगल्या. कॅन्सरच्या गाठीतून निघणारं इंटरल्यूकिन-६ नावाचं प्रथिन लिव्हरला डिवचतं, लिव्हर प्लेटलेट वाढवायचा निरोप धाडतं, असा तो मार्ग. ताईची पहिली सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, मी नंतर काढून पाहिली. प्लेटलेट ५ लाख १२ हजार. रिपोर्टवर त्या आकड्यापुढे छोटासा ‘एच’, म्हणजे ‘हाय’, छापलेला होता, आणि तो आम्ही कुणीच वाचला नव्हता.

काही वेळा गुठळी स्वतःच जीव घेते, फुप्फुसात जाऊन. आणि काही वेळा ती उपचाराची गाडीच रुळावरून उतरवते. ताईची केमो चौथ्या आठवड्यात सुरू व्हायची होती, ती सुरू झाली जवळजवळ आठव्या आठवड्यात. ऑपरेशननंतर केमो फार लांबली तर निकाल बिघडतो, असं दाखवणारे अभ्यास आहेत. या तिन्हींपैकी पहिल्या कारणाला तुम्ही-आम्ही फारसं काही करू शकत नाही. उरलेल्या दोघांना बरंचसं अडवता येतं.

वाचताना डेन्मार्कचा २००० सालचा एक आकडा मलाही भेटला होता. कॅन्सर आणि गुठळी एकाच वेळी सापडलेल्यांपैकी वर्षभरानंतर १२ टक्के जिवंत, आणि तशाच पण गुठळी नसलेल्या कॅन्सर रुग्णांपैकी ३६ टक्के. वाचून पोटात गोळा येतो. पण त्यात सगळ्या जातींचे कॅन्सर एकत्र होते, आणि नोंदी त्याच्याही आधीच्या वर्षांतल्या. तो आकडा ऑपरेशन चांगलं झालेल्या, गुठळी नंतर आलेल्या बाईच्या नवऱ्याला कसा लावायचा? त्याला सांगायचं तर असं सांगता आलं असतं : ही गुठळी धोक्याची आहे, आज तिच्यावर इलाज करू, आणि ती आटोक्यात आली की केमो सुरू करू. हे तीन तुकडे ऐकायला भाऊजींना दोन दिवस लागले. दोन दिवसांनी सिनिअर मॅडमनी ते त्यांना खुर्चीवर बसवून सांगितले.

ताईला मग वजनावर डोस ठरला, ६० चं इंजेक्शन दिवसातून दोनदा, पुढे गोळ्या. सहाही केमो झाल्या. त्यानंतर ती दोन वर्षं सात महिने होती. भाचीच्या लग्नात हळदीच्या दिवशी तिने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, अख्ख्या, न अडखळता. गेली ती आजार उलटल्यामुळे. गुठळीने गेली असं मी म्हणणार नाही, आणि २८ दिवस इंजेक्शन मिळालं असतं तर आज असती असंही नाही. ते मिळूनही काहींना गुठळी होते. शिवाय रक्त न गोठू देणारं औषध कॅन्सरवर चालत नाही. गुठळी नसलेल्या कॅन्सर रुग्णांना हेपॅरिन (एनोक्झापॅरिन त्याच जातीचं) देऊन आयुष्य वाढतं का, हेही तपासून झालंय. गुठळ्या कमी झाल्या, आयुष्य काही खास वाढलं नाही. तरीही ते आयसीयूतले सात दिवस, ती लांबलेली केमो, भाऊजींची ती रात्र, हे टळायची बरीच शक्यता होती. मला एवढंच म्हणायचंय.

आणि ते २८ दिवस हवेतून आलेले नाहीत. २००२ मध्ये पोट आणि ओटीपोटाच्या कॅन्सरची ऑपरेशनं झालेल्या तीनशेवर रुग्णांवर तपासणी झाली होती. सगळ्यांना पहिले सहा ते दहा दिवस इंजेक्शन, मग निम्म्यांना आणखी तीन आठवडे तेच आणि निम्म्यांना नुसत्या पाण्याचं इंजेक्शन. शेवटी सगळ्यांच्या पायांच्या शिरांचे फोटो. पाणीवाल्यांत १२ टक्क्यांना गुठळी, इंजेक्शनवाल्यांत ४.८. त्यातल्या बहुतेक गुठळ्या न दुखणाऱ्या होत्या, हे मान्य. पण मोठं ऑपरेशन झालं की रक्ताची गोठायची ओढ टाके काढल्यावर थांबत नाही, आठवडेच्या आठवडे राहते, हे त्यातून कळलं. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत बाई आम्हा घरच्यांच्या ताब्यात असते. आम्ही तिला बाळंतिणीसारखी पलंगावर आडवी ठेवतो, टाके उसवतील म्हणून पाणीसुद्धा हातात नेऊन देतो. ‘फिरवा’ म्हणून कार्डावर कुणी लिहीत नाही. ‘विश्रांती’ मात्र नेहमी लिहिलेलं असतं.

कॅन्सरमुळे गुठळी होण्याच्या या दुखण्याला ज्याचं नाव आहे, तो फ्रेंच डॉक्टर आर्मां त्रूसो. १८६५ साली पॅरिसच्या हॉस्पिटलात तो विद्यार्थ्यांना सांगत होता की उगाच कुठेतरी शीर गोठली तर आत लपलेला कॅन्सर शोधा. १८६७ च्या जानेवारीत त्याच्या स्वतःच्याच शिरेत गुठळी झाली, आणि त्याने शिष्याला सांगून टाकलं की आता मला माझ्या रोगाबद्दल शंका उरली नाही. जूनमध्ये तो पोटाच्या कॅन्सरने गेला. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला हे नातं ठाऊक होतं. त्याच्याकडे एनोक्झापॅरिन मात्र नव्हतं.

आता तुमच्या बाजूने काय म्हणणं येतं, तेही मला माहीत आहे. काउंटरच्या अलीकडे उभं राहून एकोणीस वर्षं ऐकतेय.

आपल्या लोकांत गुठळ्या कमी होतात, हे पहिलं. निरोगी माणसांबद्दल ते काही अंशी खरं असेल. ओव्हरीचा कॅन्सर असलेल्या, पोट उघडून शिवलेल्या, आठवडाभर पडून असलेल्या बाईला ते लागू नाही. शिवाय क्लिअर सेलचा जो प्रकार सगळ्यात जास्त गुठळ्या करतो, तो आशियाई, खास करून पूर्व आशियातल्या, बायकांत गोऱ्या बायकांपेक्षा जास्त आढळतो. तेव्हा आपणही डोळ्यांत तेल घालायला हवं.

दुसरं, रक्तस्राव. हे खरं आहे आणि गंभीर आहे. किडनी कमजोर असेल, प्लेटलेट पडलेले असतील, जखम पाझरत असेल तर इंजेक्शन थांबवायचं की डोस कमी करायचा, हे तुम्हीच ठरवायचं. मी एवढंच म्हणतेय की ठरवा आणि लिहा. ‘द्यायचं नाही, कारण अमुक’ असं लिहिलेलं कार्डही मला चालेल. मोकळी जागा चालत नाही, कारण ती जागा भरतात दिघ्याचे गृहस्थ, पाच पेट्या घेऊन.

तिसरं, पैसे. एक इंजेक्शन काहीशे रुपयांचं, २८ म्हटले की हिशोब दहा हजारांच्या घरात जातो. इथे आरोग्यमित्रांना विनंती आहे. आयुष्मान भारतच्या नियमात घरी सोडल्यानंतर १५ दिवसांपर्यंतचं औषध पॅकेजमध्ये धरलेलं आहे. नवव्या दिवशी घरी सोडलेल्या बाईला ते चोविसाव्या दिवसापर्यंत पुरतं, शेवटचे चार-पाच दिवस उरतात. चार-पाच दिवसांचे पैसे माणसं कुठूनही उभे करतात हो. पण मिळणारे १५ दिवस मिळतात हेच त्यांना ठाऊक नसतं, आणि ती माझ्याकडे येऊन खिशातले पैसे मोजतात. दुकानदार म्हणून मी हे सांगायला नको, माझंच गिऱ्हाईक कमी होतं. तरी सांगते : घरी सोडायच्या दिवशी त्या पेट्या त्यांच्या हातात द्या.

केमोच्या वेळचा एक मुद्दाही जाता जाता सांगते. प्रत्येक केमोआधी तुम्ही सीबीसी करताच. डॉ. आलोक खोराणा या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये गुठळीच्या जोखमीचा जो स्कोअर दिला, त्यात कॅन्सर कुठला, प्लेटलेट साडेतीन लाख किंवा वर आहेत का, हिमोग्लोबिन १० च्या खाली आहे का, पांढऱ्या पेशी ११ हजारांच्या वर आहेत का आणि वजन उंचीच्या मानाने फारच जास्त आहे का, एवढंच विचारलेलं आहे. वेगळी तपासणी नाही, एक पैसा जास्त नाही. ओव्हरीच्या बाईला एक मार्क कॅन्सरचाच मिळतो. ताईला प्लेटलेटचा दुसरा मिळाला असता. दोन मार्कांपासून पुढे, रक्तस्रावाची भीती नसेल तर, प्रतिबंधक गोळीचा विचार करा असं अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांची संघटना २०१९ पासून सांगतेय. हे गणित निवासी डॉक्टर चहा गार व्हायच्या आत करतील.

इंग्लंडमध्ये २०१० पासून दाखल होणाऱ्या मोठ्या माणसांची गुठळीची जोखीम पाहिली की नाही, याची नोंद ठेवणं हॉस्पिटलांना सक्तीचं झालं. माझी मागणी सक्तीची नाही. कार्डावर एक ओळ हवी. ‘× २८’ असंही नको, कारण ते कधीपासून मोजायचं यावर घरात वाद होतात. शेवटच्या इंजेक्शनची तारीख घाला. तारखेवर वाद होत नाही.

मी स्वतः काय करते तेही सांगते, नाहीतर म्हणाल नुसती लोकांना शिकवते. एनोक्झापॅरिनची चिठ्ठी आली की ऑपरेशनची तारीख विचारते. प्रत्येक पेटीवर मार्करने देण्याची तारीख घालते, शेवटच्या पेटीवर ‘शेवटचं’. लोक ती इन्सुलिनसारखी फ्रिजमध्ये कोंबतात, तशी गरज नाही हेही सांगते, कपाटात थंड जागी ठेवली तरी चालते. काउंटरच्या खिळ्याला शिलाईची टेप लटकवलीय. पाय सुजलाय म्हणून मलम मागायला कुणी आलं, की आधी विचारते : एक पाय की दोन्ही? ऑपरेशन झालंय का घरात कुणाचं? गेल्या दोन वर्षांत त्या टेपने तिघींना त्याच दिवशी डॉपलरला पाठवलं. दोघींची गुठळी निघाली, तिसरीच्या पायात काही नव्हतं. तिचे यजमान खर्च झाला म्हणून थोडे कुरकुरले, पण पेढे घेऊन आले.

दिघ्याच्या गृहस्थांना मी उरलेल्या एकोणीस दिवसांच्या पेट्या दिल्या, पाचाचे पैसे घेतले, बाकीचे वहीत लिहिले. त्यांच्या बायकोची पहिली केमो येत्या सोमवारी आहे.

आणि हा कागद. मी लिहिलाय, माझ्या ओळखीच्या एका फिजिशियन बाईंनी तपासून दिलाय. पेटीबरोबर देते. तुम्हीही द्या, लेटरहेड तुमचं घाला, माझं नाव नको :

“ऑपरेशननंतर महिनाभर रक्त गोठून पायात गुठळी होऊ शकते. ती होऊ नये म्हणून हे पोटातलं इंजेक्शन आहे. ताकदीचं नाही. शेवटचं इंजेक्शन ______ या तारखेला. त्याआधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. रोज घरातल्या घरात थोडं थोडं चाला, डॉक्टरांनी बंदी केली नसेल तर पाणी पीत राहा. एकच पाय सुजला, दुखला, गरम किंवा लाल झाला तर तेल लावू नका, चोळू नका, शेकू नका, त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर आली, खोकल्यातून रक्त पडलं तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. टाक्यांतून, लघवीतून, संडासवाटे रक्त गेलं किंवा डोक्याला मार लागला तरी लगेच कळवा. पोटावरचे छोटे निळे डाग सुईचे आहेत, ते जातात. रात्री फोन उचलणारा नंबर : ______.”

दोन मोकळ्या जागा सोडल्या आहेत. त्या माझ्याकडून भरता येत नाहीत.

कळावे,
खारेगावची एक मेडिकलवाली